मुलींच्या पदव्या मोजताना : रत्नागिरीचा धडा

महाविद्यालयाच्या हजेरीपटावर मुलींची नावे मुलग्यांइतकी किंवा त्यांच्याहून अधिक दिसली, की ‘आता मुली पुढे गेल्या’ असे आपण सहज म्हणून टाकतो. हे विधान तपासायचे तर दोन प्रश्न विचारावे लागतात. पदवीच्या बाबतीत मुलगे आणि मुली यांच्यात अंतर मुळात पडले कसे? आणि ते मिटले की नाही, हे मोजायचे कसे? दोन्ही प्रश्नांचा विचार करायला रत्नागिरी जिल्हा हे उत्तम उदाहरण आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857 सालची. 1862 मध्ये विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले. त्यांच्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांचा जन्म त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालवणचा आणि शालेय शिक्षण रत्नागिरीचे. पुढे याच जिल्ह्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे 1884 मध्ये गणित घेऊन बी. ए. झाले. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिल्या स्थानी येऊन ‘सीनियर रँग्लर’ झाले.

आता याच मातीतल्या मुलींकडे पाहू. देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई लहानपणीच विधवा झाली. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले, तेव्हा तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत ती होती. 1893 मध्ये कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे झाली. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. वैधव्यानंतर, मोठ्या वयात अक्षरओळख करून घेतलेल्या या बाईंनी कर्व्यांच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा केली आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्या थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. स्त्रीशिक्षणाच्या कामाला दोघींनी आयुष्य वाहिले. पदवी मात्र दोघींपैकी एकीच्याही वाट्याला आली नाही.

हा बुद्धीचा फरक नव्हता. मग काय होते? आमच्या मते मुलींच्या वाटेवर एकामागोमाग तीन अडसर होते.

पहिला अडसर नियमाचा. मुंबई विद्यापीठाने पदवी परीक्षांची दारे स्त्रियांना उघडली ती 1883 मध्ये. म्हणजे पहिले पदवीधर बाहेर पडल्यावर एकवीस वर्षांनी. त्यानंतर कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. याबाबतीत विलायतेतले केंब्रिजही पुढे नव्हते. केंब्रिजमध्ये 1890 साली फिलिपा फॉसेट हिने गणितात सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळवले; पण ती स्त्री असल्याने तो किताब तिला मिळाला नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या देण्यास 1948 मध्ये सुरुवात केली. परांजपे ज्या परीक्षेमुळे देशभर गाजले, त्याच परीक्षेत त्यांच्या नऊ वर्षे आधी एक मुलगी सर्वांच्या वर होती, हे वर्गात सांगण्याजोगे आहे.

दुसरा अडसर वयाचा. साधारण सोळाव्या वर्षी मॅट्रिक आणि त्यापुढे चार वर्षांनी बी. ए., असा त्या काळचा क्रम होता. मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरवणारा शारदा कायदा झाला 1929 मध्ये, आणि त्यानेही ते वय चौदाच ठेवले. म्हणजे कायदा काटेकोर पाळला, तरी मुलगी मॅट्रिकपर्यंत पोहोचण्याआधीच सासरी जाऊ शकत होती.

तिसरा अडसर अंतराचा. रत्नागिरी शहरात महाविद्यालय निघाले 1945 मध्ये. आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय ते हेच. त्याआधी पदवीसाठी आगबोटीने मुंबई गाठायची किंवा घाट चढून पुणे-कोल्हापूरकडे जायचे. मुलगा गिरगावातल्या चाळीत नातलगाच्या खोलीत पथारी टाकून शिकू शके. मुलीला तसे पाठवायला फारच थोडी घरे तयार होती.

1916 मध्ये कर्व्यांनी भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याचे पहिले कुलपती भांडारकर आणि पहिले कुलगुरू परांजपे. म्हणजे संस्थापकासह तिघेही तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले! शिक्षण मातृभाषेतून आणि पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. सरकारची कायदेशीर मान्यता मात्र 1951 मध्ये आली. मुलींसाठी वेगळे विद्यापीठ असावे का, यावर तेव्हा मतभेद होते आणि ते असणे योग्यच होते. पण जिला पदवीची एकही वाट मोकळी नव्हती, तिच्यासाठी एक वाट तरी झाली.

आता मोजणीकडे वळू. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 18 ते 23 वयोगटाच्या लोकसंख्येशी प्रवेशांचे प्रमाण मुलींत 28.5 टक्के, तर मुलग्यांत 28.3 टक्के होते. देशपातळीवर मुली किंचित पुढे आहेत. पण हे प्रमाण प्रवेशाचे आहे. पदवी हाती पडण्याचे नव्हे. दुसरे म्हणजे देशाचा आकडा जिल्ह्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात 7,61,121 पुरुष आणि 8,53,948 स्त्रिया होत्या. म्हणजे दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. मुली जास्त जन्माला येतात म्हणून असे होत नाही. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. हा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांचा परिणाम आहे. समजा, एखाद्या भागात तरुणांचेही प्रमाण असेच 1,000 मुलगे आणि 1,122 मुली असे आहे आणि दोन्ही गटांत प्रत्येकी 100 पदवीधर आहेत. समारंभात संख्या समसमान दिसेल. पण मुलग्यांचे प्रमाण 10 टक्के आणि मुलींचे 8.9 टक्के भरेल. अंश सारखा असला तरी छेद वेगळा आहे. शिवाय मुंबईला गेलेला मुलगा तिथे पदवीधर झाला की दहावीनंतर लगेच कामाला लागला, हे गावातल्या हजेरीपटावरून कळतच नाही. पहिल्या प्रकारचे मुलगे बरेच असतील, तर मुली पुढे गेल्याचा आपला समज खोटा. दुसऱ्या प्रकारचे असतील, तर मुलग्यांची गळती आपल्या नजरेतून सुटते.

यावर शाळेला करता येण्याजोगा एक उपाय आहे. दहा वर्षांपूर्वी आपल्या शाळेत आठवीत असलेल्या सर्व मुलामुलींची यादी जनरल रजिस्टरवरून काढावी. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी प्रत्येकाची माहिती घरच्यांच्या संमतीने मिळवावी : शिक्षण कुठे थांबले, कोणत्या वर्षी, कशामुळे, पदवी मिळाली का, कुठून? गाव सोडून गेलेल्यांना वगळू नये. असा छेद पक्का धरला, की मिळणारी टक्केवारी लहान गटाची असली तरी आपल्या शाळेपुरती खरी असेल. ‘कशामुळे’ या रकान्यात लग्न, एस. टी. ची वेळ, फी, नोकरी यांतले काय किती वेळा येते ते पाहावे. वर सांगितलेल्या तीन अडसरांपैकी कोणता आपल्या गावात अजून शिल्लक आहे, हे त्या रकान्यातून कळेल.