सुट्टीतला कॅम्पस आणि आई-वडिलांची सही

मंडळी, मे महिना लागला की आपल्या घरोघरी एकच विषय. "समरला घरी येणार ना?" आणि फोनवर उत्तर येतं, "नाही आई, कॅम्पसवरच थांबतोय." मग आपण चरफडतो, सगळे घरी गेल्यावर त्या रिकाम्या हॉस्टेलात आहे तरी काय? यावरून १९६४ सालच्या उन्हाळ्याची एक गोष्ट सांगावीशी वाटते.

ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे वेस्टर्न कॉलेज फॉर विमेन हे मुलींचं कॉलेज होतं. जूनमध्ये मुली सुट्टीला गेल्या आणि कॅम्पसवर दुसरीच मुलं येऊन उतरली. बहुतेक गोरी, उत्तरेकडच्या कॉलेजांत शिकणारी. त्यांना मिसिसिपीत जायचं होतं, कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला आणि त्यांच्या मुलांसाठी उन्हाळी शाळा चालवायला. १९६२ मध्ये तिथल्या मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांचीही नावं यादीत नव्हती. नाव नोंदवायला गेलं की नोकरी जायची, कधी जीवही जायचा.

१४ ते २७ जून, एकेका आठवड्याच्या दोन तुकड्या, सुमारे ८०० जण. हिरवळीवर ही मुलं मार कसा झेलायचा ते शिकत होती: अंग मुडपून घ्यायचं, डोकं हातांनी झाकायचं, उलटा हात उगारायचा नाही. जामिनासाठी प्रत्येकाने ५०० डॉलरची सोय करायची होती. आणि २१ वर्षांखालच्यांना आई-वडिलांची लेखी परवानगी लागत होती.

या अहिंसेचा एक धागा आपल्या नागपूरला येतो बरं का! शिबिरात पुढाकार होता 'स्निक' या तरुणांच्या संघटनेचा. तिच्यातल्या अनेकांना अहिंसेचे धडे दिले होते जेम्स लॉसन यांनी. हे लॉसन १९५३ पासून तीन वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तिथे त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता.

पहिल्या तुकडीत अँड्र्यू गुडमन होता. वय २०, न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजचा विद्यार्थी. त्याच्या आई-वडिलांना भीती वाटत नव्हती असं नाही. पण घरात आपणच जे शिकवलं, त्याला आता नाही कसं म्हणायचं? त्यांनी जाऊ दिलं. २० जूनला तो निघाला. मिसिसिपीत पोचल्यावर त्याने घरी खुशालीचं पोस्टकार्ड टाकलं. २१ जूनच्या रात्री क्लॅनच्या लोकांनी त्याला, मायकेल श्वर्नरला आणि जेम्स चेनीला गोळ्या घालून मारलं. तिघांचे मृतदेह सापडले थेट ४ ऑगस्टला, मातीच्या एका बांधाखाली.

इकडे कॅम्पसवर दुसरी तुकडी नुकतीच आली होती. शिबिराचे प्रमुख बॉब मोझेस यांनी तिघं बेपत्ता असल्याचं सांगितलं. ज्यांना परत जायचंय त्यांनी खुशाल जावं, असंही सांगितलं. आई-वडिलांचे घाबरे फोन येत होते. तरी बहुतेक मुलं मिसिसिपीला गेलीच.

६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्काचा कायदा झाला. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नवा इमिग्रेशन कायदा आला. त्याआधी भारतीयांचा कोटा होता वर्षाला फक्त १००! वंशावरून माणसाला दूर ठेवायचं नाही, हा विचार दोन्ही कायद्यांच्या मुळाशी होता. आपल्यापैकी अमेरिकेत आलेल्यांना दार उघडलं ते असं.

ते कॉलेज आता मायामी युनिव्हर्सिटीत सामील झालंय (फ्लोरिडातली नव्हे, ओहायोतलीच). तिथे या मुलांचं दगडी स्मारक आहे. कधी त्या बाजूला गेलात, तर मुलांना घेऊन जरूर बघा.

आणि यंदा "मी समरला येत नाहीये" असं ऐकलंत, तर रागवायच्या आधी विचारा, "बरं, काय करणार आहेस तिथे?" उत्तर ऐकून कदाचित काळजी वाढेल. पण निदान सही कशावर करतोय ते तरी कळेल.