पहिले पान

1995 सालच्या नाताळच्या दिवशी रोममध्ये संत पेत्राच्या चौकात जमलेल्या भाविकांना काळजीचा एक प्रसंग पाहावा लागला. पोप जॉन पॉल दुसरे त्या दिवशी आजारी होते. रोम नगरीला आणि साऱ्या जगाला उद्देशून द्यावयाचा नाताळचा संदेश त्यांनी आपल्या दालनाच्या खिडकीतून वाचला. परंतु नंतर निरनिराळ्या भाषांतून शुभेच्छा देत असता प्रकृती अधिकच बिघडली आणि त्यांना मध्येच थांबून आत जावे लागले. त्याच दिवशी तोच संदेश आणखी एका मार्गाने जगापुढे आला. व्हॅटिकनचे संकेतस्थळ त्या दिवशी सुरू झाले, आणि त्याच्या आरंभी होता तो हा नाताळचा संदेश. पुढे हजारो दस्तऐवज ज्या स्थळावर गोळा झाले, त्याची सुरुवात इतकी लहान होती.

हे काम ज्यांनी उभे केले त्यांत सिस्टर ज्युडिथ झोबलाइन या अमेरिकन फ्रान्सिस्कन धर्मभगिनींचे नाव अग्रभागी आहे. व्हॅटिकनच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या कचेरीत संगणक बसविण्याच्या कामासाठी त्या रोमला आल्या होत्या. संकेतस्थळ कसे असावे, त्यावर काय ठेवावे, कोणी पाहावे, याचा कित्ता व्हॅटिकनच्या चार भिंतींत कोणापाशीच नव्हता. त्या अर्थाने दोन हजार वर्षांची ख्रिस्तसभा या विद्येत नवशिकीच होती. आम्हांला ही गोष्ट फार मनोज्ञ वाटते.

अर्थात तेव्हा नवशिके कोण नव्हते? ही विद्याच मुळी पाच वर्षांची होती. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली नावाचे इंग्रज तंत्रज्ञ काम करीत. देशोदेशींचे शास्त्रज्ञ तेथे येत, काही काळ राहत आणि निघून जात. त्यांच्याबरोबर त्यांची माहितीही जाई, किंवा एखाद्या संगणकात अडकून पडे. या अडचणीवर उपाय म्हणून बर्नर्स-ली यांनी मार्च 1989 मध्ये एक टिपण वरिष्ठांना सादर केले. 1990 च्या अखेरीस एका काळ्या, चौकोनी नेक्स्ट संगणकावर जगातील पहिले संकेतस्थळ उभे राहिले. हा संगणक बंद करू नये, अशी सूचना लाल शाईने लिहून त्यावर चिकटवलेली होती; कारण कोणी चुकून कळ दाबली असती तर त्या काळचे सारे विश्वजाल तेवढ्याने विझले असते!

त्या पहिल्या स्थळावर काय होते? चित्र नाही, रंग नाही. हा प्रकल्प काय आहे, तो कसा वापरावा आणि तुम्हांला स्वतःचे पान तयार करावयाचे असल्यास काय करावे, एवढेच. म्हणजे जगातील पहिले पान हेच नवशिक्यांसाठी लिहिलेले पहिले मार्गदर्शन होते. पान रचण्याची रीतही सोपी होती. साधा मजकूर लिहायचा. शीर्षक कोठे, परिच्छेद कोठे, हे कोनदार कंसांतील खुणांनी दाखवायचे. आणि ज्या शब्दावरून दुसऱ्या पानाकडे जायचे त्या शब्दात त्या पानाचा पत्ता गुंफायचा. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. पुढे चित्रांसह पाने दाखविणारे मोझेक हे साधन 1993 मध्ये इलिनॉय विद्यापीठात तयार झाले, तेव्हा कोणाचेही पान उघडून त्यामागच्या खुणा पाहण्याची सोय सर्वांना झाली. शेजारणीच्या सुपात डोकावून पापडाची रीत उचलावी, तसे हजारो लोक एकमेकांची पाने पाहून हे शिकले. त्याच वर्षी 30 एप्रिल रोजी सर्नने या विद्येवरील आपला हक्क सोडून ती सर्वांना विनामूल्य खुली केली. हा निर्णय झाला नसता, तर पुढचा इतिहास बहुधा वेगळाच लिहावा लागला असता.

रोमला परत येऊ. व्हॅटिकनच्या संगणकांना राफाएल, मिखाएल आणि गॅब्रिएल या महादूतांची नावे देण्यात आली. पानांना जुन्या चर्मपत्रासारखी पार्श्वभूमी होती. ती अनेकांना जुनाट वाटे, पण पुढे कित्येक वर्षे तीच राहिली. 1997 च्या ईस्टरला हे स्थळ विस्तारित स्वरूपात सुरू झाले, आणि इटालियन, इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, पोर्तुगीज अशा सहा भाषांतून परमगुरूंचे लेखन तेथे येऊ लागले. 2008 मध्ये लॅटिनची, तर 2009 मध्ये चिनी भाषेची भर पडली. 22 नोव्हेंबर 2001 रोजी ओशनियाच्या ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेले प्रबोधनपत्र वृद्ध पोपमहाशयांनी स्वतः संगणकाची कळ दाबून तेथील धर्मप्रांतांकडे रवाना केले. संत पौलाची पत्रे ज्यांनी पायी चालून पोहोचविली, त्यांची आठवण त्या वेळी कोणाला झाली असेल का?

याच सुमारास फ्रान्समध्ये एक निराळी कथा घडत होती. एव्हरोचे बिशप झाक गायो यांना मतभेदांमुळे जानेवारी 1995 मध्ये त्यांच्या धर्मप्रांतातून दूर करण्यात आले आणि पार्तेनिया या अल्जीरियातील फार पूर्वी लोप पावलेल्या धर्मप्रांताचे नाममात्र बिशपपद देण्यात आले. तेथे ना चर्च, ना एकही श्रद्धावंत. वर्षभरात त्यांनी पार्तेनिया हे नाव संकेतस्थळाला देऊन सीमा नसलेला धर्मप्रांत म्हणून ते चालविले. त्यांच्या सर्वच मतांशी आम्ही सहमत नाही. पण वाळूत बुडालेल्या धर्मप्रांताला असे पुन्हा माणसे मिळावीत, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आणि आपण? भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते विदेश संचार निगमामार्फत, 15 ऑगस्ट 1995 रोजी, म्हणजे व्हॅटिकनच्या त्या पहिल्या पानाच्या चार महिने आधी. तेव्हा वेळेच्या दृष्टीने आपण मागे नव्हतो. अडले ते लिपीपाशी. इंग्रजी अक्षरांसाठी घडविलेल्या संगणकात देवनागरी बसविण्यासाठी ज्याने त्याने आपापला फॉन्ट केला, आणि एकाचा मेळ दुसऱ्याशी नव्हता. आपण हौसेने मराठी पान रचावे आणि वाचकाच्या संगणकात तो फॉन्ट नसेल तर त्याला दिसावी नुसती रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी! युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला 1991 पासून स्थान होते, परंतु घरोघरच्या संगणकांत ती रुळू लागली 2000 सालानंतर. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला तो याच पद्धतीवर.

आमच्या वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स आठवले असतील. गोव्यात मुद्रणयंत्र आले 1556 मध्ये. आले तेही ॲबिसिनियाला जाता जाता. या भूमीच्या भाषेत आणि या भूमीच्याच अक्षरांत पुस्तके छापावीत अशी फादरांची इच्छा होती. 1608 मध्ये त्यांनी रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात आपली अडचण मांडली आहे: युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, येथे सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील. ते साचे पडले नाहीत. 1616 मध्ये राशोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. ज्यांनी मराठीची थोरवी गाइली, त्यांचाच मराठी ग्रंथ परक्या अक्षरांत निघाला. पुढे तो देवनागरीत छापून येण्यास 1956 साल उजाडावे लागले. फॉन्टच्या घोळापायी रोमन अक्षरांत मराठी पाने लिहिणाऱ्या आमच्या तरुणांना दूषण देताना हा इतिहास ध्यानात असावा.

परंतु लिपीहून बिकट प्रश्न जतनाचा आहे. सर्नने त्या पहिल्या पानाची मूळ प्रत ठेवलीच नव्हती. पान बदलले की जुने पुसले जाई. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. 2013 मध्ये त्या संस्थेने पहिले स्थळ त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले, तेव्हा हाताशी होती ती 1992 सालची प्रत. जिओसिटीज या स्थळाने 1995 पासून नवशिक्यांना फुकट जागा दिली; लक्षावधी लोकांनी आपले पहिले पान तेथे रचले; ऑक्टोबर 2009 मध्ये मालकांनी ते बंद केले आणि स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे उतरवून घेतले तेवढेच वाचले. आमच्या पाहण्यातही अशी धर्मग्रामांची पाने आहेत. एखाद्या तरुणाने रात्री जागून चर्चचा इतिहास, जुनी छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यावर चढविल्या; तो नोकरीसाठी परदेशी गेला, वर्षाची वर्गणी भरायची राहिली, आणि पान गेले. त्याच चर्चच्या कपाटातील स्नानसंस्काराची जुनी नोंदवही मात्र पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत आजही वाचता येते.

याचा अर्थ कागद चिरंजीव असतो असा नव्हे. 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’ची, तसेच त्यानंतर 1649 व 1654 मध्ये निघालेल्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी पुराणाची जी आवृत्ती काढली, ती अशाच हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली होती.