व्हेडेम
दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातील टेरेझीन घेटोत ज्यू मुलांनी काढलेले चेक भाषेतील हस्तलिखित साप्ताहिक (१९४२–४४). नावाचा अर्थ ‘आम्ही आघाडीवर’. संपादक पेटर गिन्झ (१९२८–४४). एकच प्रत निघे. दर शुक्रवारी ती वसतिगृहात मोठ्याने वाचली जाई. कविता, विनोद यांबरोबरच बेकरी, अग्निशमन केंद्र, अगदी दाहगृहालाही भेट देऊन लिहिलेले वृत्तांत त्यात आहेत. भुकेल्या मुलांची ही चौकसबुद्धी थक्क करणारी आहे. बहुतेक लेखक ऑश्विट्झ येथे मारले गेले. वाचलेल्या एका मुलाने सुमारे ८०० पाने जपली. किशोरांना घेटोतील जीवन शिकवताना हे साधन विशेष मोलाचे ठरते, कारण त्यांच्याच वयाची मुले येथे केवळ बळी म्हणून दिसत नाहीत; ती भांडतात, हसतात, लिहितात.