संगणकाच्या मूर्च्छेचे निदान

बंगळुराहून होसूरच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे आनेकल तालुक्याचा मुलूख लागतो. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी वाचकाला बंगळूर प्रांत परका नाही. परंतु एके काळी नाचणीच्या शेतांसाठी आणि रेशमाच्या मागांसाठी ओळखला जाणारा हा कोपरा गेल्या अर्धशतकात जसा पालटला, तशी स्थित्यंतरे फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आली असतील. १९७८ साली ‘केऑनिक्स’ या सरकारी महामंडळाने, त्याचे प्रमुख आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, तालुक्याच्या वेशीवर ३३२ एकरांत इलेक्ट्रॉनिक्स सिटी वसविण्यास घेतली. पुढे बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. या उद्योगांच्या इमारतींची आणि उलाढालींची नोंद पुष्कळ झाली आहे. परंतु त्यांच्या दप्तरांतील संगणक जेव्हा चालता चालता अकस्मात कोसळत, तेव्हा ते का कोसळले हे ठरविण्याची जी विद्या क्रमाक्रमाने सिद्ध झाली, तिचा इतिहास सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आणि माझ्या मते तो इतिहास इमारतींच्या इतिहासाहून अधिक मोलाचा आहे.

संगणकाला छापयंत्र, स्कॅनर अथवा ध्वनीचे कार्ड जोडले, की त्या उपकरणाशी व्यवहार करण्यासाठी ड्रायव्हर नावाची एक आज्ञावली लागते. सामान्य आज्ञावली चुकली तर तिच्यापुरतेच काम थांबते. परंतु बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, पूर्ण मुभेने वावरत असल्यामुळे त्यांनी स्मृतीतील परक्या जागेवर लिहिले तरी त्यांना तेथे अडविणारा कोणी नसतो. वरच्या शेतकऱ्याने रात्री बांध फोडावा आणि सकाळी तिसऱ्याच शेतातले पीक बुडालेले दिसावे, तसा हा प्रकार असतो: दोष एका ड्रायव्हरचा, आणि कोसळण्याच्या क्षणी नाव निघते ते भलत्याच निरपराध आज्ञावलीचे. प्रणालीला ही विसंगती आढळली, की माहितीची आणखी नासाडी होऊ नये म्हणून ती आपणहून थांबते. निळा पडदा म्हणतात तो हाच हेतुपुरस्सर केलेला थांबा होय.

नव्वदीच्या दशकात, जिगणीतल्या काय किंवा पिंपरी-भोसरीतल्या काय, लहान कारखान्याच्या कचेरीत संगणक बंद पडला म्हणजे निदानाची रीत ठरलेली असे. दुरुस्ती करणारा मुलगा पेटी उघडी, रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने घासी, कार्डे एकेक उपसून पुन्हा बसवी, दोन कार्डे एकाच इंटरप्ट क्रमांकावर हक्क सांगत आहेत काय ते जंपर हलवून पाही. आणि एवढ्यानेही भागले नाही, तर ‘फॉरमॅट मारून देतो’ असे म्हणून सारी प्रणाली नव्याने चढवी. या मुलांच्या हातात कसब होते, यात शंका नाही. परंतु फॉरमॅटने रोग जसा जाई तसा रोगाचा पुरावाही जाई, आणि तोच ड्रायव्हर पुन्हा चढविला की महिन्याभरात तीच फिर्याद पुन्हा दाखल होई. मोठ्यांचीही स्थिती निराळी नव्हती: २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना, विंडोज ९८ चालणाऱ्या यंत्राला स्कॅनर जोडताच निळा पडदा अवतरला.

खरे परिवर्तन घडले ते पुराव्याच्या जतनाने. विंडोज २००० पासून यंत्र कोसळताना स्मृतीचा एक लहानसा उतारा, मिनिडम्प, तबकडीवर लिहून ठेवू लागले. विनडीबीजी या साधनाने तो उघडला म्हणजे शेवटच्या क्षणी कोणत्या आज्ञा चालू होत्या त्यांची उतरंड वाचता येते. त्याच प्रणालीबरोबर ड्रायव्हर व्हेरिफायर आला, आणि मला तर ही या विद्येतील सर्वांत सुंदर युक्ती वाटते: संशयित ड्रायव्हरला दिलेल्या स्मृतीच्या लगत मुद्दाम प्रवेशबंद पान ठेवायचे, म्हणजे तो हद्द ओलांडील त्याच क्षणी यंत्र थांबते आणि गुन्हेगार जागेवरच सापडतो. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि गावोगावच्या यंत्रांचे अहवाल एकत्र होऊ लागले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखविले, की लिनक्सच्या ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण कर्नलच्या इतर भागांच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आहे. आणि २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका शोधनिबंधाने एक्सपीच्या नोंदलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांच्या माथी असल्याचे नमूद केले.

मग प्रश्न उभा राहिला, की ड्रायव्हर बाजारात जाण्यापूर्वीच त्याचा दोष का सिद्ध करू नये? मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात थॉमस बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी ‘स्लॅम’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. ड्रायव्हर न चालवता, केवळ त्याची संहिता तपासून, घेतलेले कुलूप तो पुन्हा सोडतो की नाही यासारखे नियम तो कोणत्या वाटेने मोडू शकेल हे गणिताने दाखविणे, हा त्याचा उद्देश. त्यातून स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर निर्माण झाला आणि २०११ साली दोघांना या कार्याबद्दल सीएव्ही पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे प्रमुखपद पुढे याच राजामणींकडे आले. आनेकलच्या वेशीपासून थोड्याच कोसांवर या विद्येचा एक आचार्य राहिला, याचा अभिमान आपण उघडपणे बाळगावा.

तरीही १९ जुलै २०२४ चा दिवस उगवला. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी धाडलेल्या एका फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली. कंपनीचा ड्रायव्हर परीक्षेअंती रीतसर मोहोर लागलेला होता. परंतु नवी फाइल ही आज्ञावली नसून केवळ माहिती असल्याने ती त्या परीक्षेतून गेलीच नव्हती. एकवीस मूल्यांची अपेक्षा असताना वीसच मिळाली, एकविसाव्यासाठी ड्रायव्हरने हद्दीबाहेरची स्मृती वाचली, आणि बंगळूरच्या विमानतळावर प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. ती फाइल १०.५७ ला मागे घेतली गेली. परंतु जी यंत्रे वारंवार आपटत होती, त्यांतील असंख्य यंत्रांपाशी माणसाने जाऊन, ती सेफ मोडमध्ये चालू करून, ती एक फाइल हाताने पुसल्यावाचून गत्यंतर नव्हते.

म्हणून कचेऱ्यांचे संगणक ज्यांच्या हाती आहेत त्यांना एकच विनंती: फॉरमॅट मारण्यापूर्वी विंडोजच्या फोल्डरातील मिनिडम्प बाजूला काढून ठेवा, आणि अलीकडे कोणता ड्रायव्हर बदलला त्याची तारीख त्याच्यासोबत लिहा.