कोलोनचे ओहम मास्तर

मी इतिहासाचा शिक्षक. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमचे विज्ञानाचे सर दीर्घ रजेवर गेले आणि दहावीचा विजेचा धडा माझ्या गळ्यात पडला. सूत्र सोपे होते. विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. (आपल्या सीमाभागातील मुलांची एक सोय अशी, की 'रोध' आणि 'विभवांतर' हे शब्द मराठी पुस्तकात आहेत तसेच कन्नड पुस्तकातही आहेत.) मी फळ्यावर उदाहरण मांडले : २३० व्होल्टवर चालणारा ६० वॉटचा बल्ब. धारा ०.२६ अँपिअर, रोध सुमारे ८८२ ओहम.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा घरच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातला मल्टीमीटर घेऊन आला. तसलाच बल्ब त्याने मोजला होता. काटा साठ-सत्तर ओहमांच्या मध्ये कुठेतरी थांबत होता.

"सर, मीटर चुकलाय की पुस्तक?"

"मीटर चुकलाय. बस खाली," मी म्हणालो.

उत्तर दिले खरे, पण मन खात राहिले. इतिहासाच्या माणसाला एकच खोड असते. गोष्ट कळली नाही की ती कुठून आली हे तो शोधू लागतो. तसे शोधता शोधता मी ओहमपर्यंत पोहोचलो आणि पाहतो तो काय, हा गृहस्थ आपल्याच जातकुळीचा, हायस्कुलातला मास्तर!

गेओर्ग सिमॉन ओहम याचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर. शाळा फारशी न शिकलेल्या या बापाने स्वतः गणित शिकून ते मुलांना शिकविले. १८१७ मध्ये ओहम कोलोनच्या हायस्कुलात गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागला. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती, आणि धातुकामाचा बापाचा हात त्याच्याकडे आला होता. लागणारी उपकरणे तो स्वतःच घडवी.

त्याचा प्रश्न साधा होता. तार लांबवीत गेले तर तिच्यातील विजेचा जोर कोणत्या हिशेबाने कमी होतो? त्या वेळी व्होल्ट नव्हते, अँपिअर नव्हते. तारेजवळ टांगलेली चुंबकसूची किती वळते, यावरूनच अंदाज बांधायचा. १८२५ मध्ये त्याने आपले उत्तर छापले. त्यात लॉगरिदमचे सूत्र होते, आणि ते चुकीचे होते! दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. व्होल्टाच्या पद्धतीची त्याची बॅटरी प्रयोग चालू असतानाच मंदावत असे. तराजूच डुलत असेल तर वजन खरे कसे यावे?

शोधपत्रिकेचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला एक तोड सुचविली. दोन भिन्न धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानांवर ठेवले की वीज वाहते, हे झेबेक याने १८२१ मध्ये दाखविले होते. ओहमने बिस्मथ आणि तांबे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळते बर्फ आपापली तापमाने सोडीत नाहीत, म्हणून विजेचा जोरही हलत नाही. १८२६ च्या जानेवारीत त्याने सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडल्या. सर्वांत आखूड दोन इंचांची, सर्वांत लांब एकशे तीस इंचांची. आता आकडे जुळले. धारा म्हणजे एका स्थिर संख्येला तारेची लांबी अधिक उरलेल्या मंडलाचा रोध यांनी दिलेला भाग. आदल्या वर्षी छापलेले आपलेच सूत्र त्याने बाजूला ठेवले. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो मुख्यतः इथे.

१८२७ मध्ये त्याचा ग्रंथ बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. मिळाली ती उपेक्षा आणि एक झोंबरे परीक्षण. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची पाच वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवणीवर काढली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले. पूर्ण प्राध्यापकपद लाभले १८५२ मध्ये, म्युनिकला, आणि १८५४ मध्ये तो वारला. रोधाच्या एककाला त्याचे नाव मिळाले ते १८८१ च्या पॅरिस परिषदेत.

याच्या आधी, १७८१ मध्ये, इंग्लंडातील कॅव्हेंडिश या श्रीमंत एकांतप्रियाच्या हाती हाच नियम लागला होता. विजेचा झटका स्वतःच्या अंगाला किती बसतो, हेच त्याचे मोजमाप! पण त्याने तो छापला नाही. मॅक्सवेलने ती टिपणे उजेडात आणली तेव्हा १८७९ साल उजाडले होते.

शक्तीचा हिशेब पुरा केला मँचेस्टरकडच्या जूलने. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे त्याने १८४० च्या सुमारास दाखविले. वर्ग या शब्दाचा अर्थ आपल्या गावच्या बायाबापड्यांना सूत्राविना ठाऊक आहे. अंघोळीच्या पाण्याचा हजार वॉटचा रॉड घ्या. त्याचा रोध सुमारे ५३ ओहम. संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून १८० वर उतरले, म्हणजे पाचाचा चौथाही हिस्सा राहिला नाही. पण शक्ती उरते जेमतेम ६१२ वॉट. अर्ध्या तासात तापणाऱ्या पाण्याला पाऊण तासाहून अधिक लागतो.

आणि बल्ब? ओहमचा नियम एका अटीवर चालतो : तारेचे तापमान बदलता कामा नये. बल्बमधील टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध दसपटीहून अधिक वाढतो. फळ्यावरचे ८८२ पेटत्या बल्बचे, मुलाचे साठ-सत्तर थंड बल्बचे. मीटर बरोबर होता, पुस्तकही बरोबर होते. चूक माझी होती.

हे मला उमगले तोवर परीक्षा होऊन तो मुलगा शाळा सोडून गेला होता. त्यानंतर विजेचा धडा जेव्हा जेव्हा माझ्याकडे आला, तेव्हा मी आधी थंड बल्ब मोजायला दिला आणि गणित नंतर.