कोडे कोणी घातले?

मराठीत कोडे 'घालतात' आणि कोडे 'पडते'. आजी नातवंडांना हुमान घालते तेव्हा उत्तर तिच्यापाशी तयार असते. पोरे हरली की ती ते सांगूनही टाकते. पण कोडे 'पडले' म्हटले की घालणारा वाक्यातूनच नाहीसा होतो. पाऊस पडावा तसे ते आपोआप पडते. आपल्या समाजाच्या इतिहासात या दोन क्रियापदांतील फरक फार मोलाचा आहे.

संस्कृतातील 'कूट' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. कूटश्लोक म्हणजे सहज न उलगडणारा श्लोक. पण कूटसाक्षी म्हणजे खोटा साक्षीदार. गूढ आणि कपट एकाच शब्दात सुखाने नांदतात. महाभारतातील ८८०० श्लोकांचा अर्थ मी जाणतो, शुक जाणतो. संजय जाणतो की नाही कोण जाणे, असे व्यासांच्या तोंडी आहे. जेथे संजयाचीच खात्री नाही, तेथे ज्यांना अक्षरच नाकारले त्या शूद्रातिशूद्रांनी काय करायचे? अर्थ न विचारता मान तुकवायची, एवढेच त्यांच्या वाट्याला आले.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त धोंडीबाशी संवाद करीत अवतारकथांची गाठ सोडवायला घेतली. बाबासाहेबांनी पुढे आपल्या ग्रंथाचे नावच 'रिडल्स इन हिंदुइझम' असे ठेवले. त्यात धार्मिक, सामाजिक आणि राजकीय अशा तीन भागांत २४ कोडी आहेत. आपण हिंदू का आहोत हे सांगणे इतके अवघड का, हे पहिलेच कोडे. चार वर्णांच्या उत्पत्तीबद्दल ब्राह्मणांची तरी खात्री आहे काय, हे दुसऱ्या एका प्रकरणाचे सूत्र. त्यांची पद्धत कसलेल्या बॅरिस्टरची आहे. वेद, स्मृती, पुराणे यांच्या जबान्या ते शेजारीशेजारी मांडतात आणि त्यांच्यातील विसंगती वाचकाला दाखवतात. पडलेले कोडे घातलेले ठरते ते येथे.

हा ग्रंथ त्यांच्या हयातीत निघाला नाही. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तो चौथ्या खंडात छापला. राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून वादळ उठले आणि १९८८ च्या आरंभी दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. शेवटी त्या प्रकरणातील मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप आली. बाबासाहेबांनी प्रश्न विचारले होते. सहमत नाही म्हटल्याने त्यांतील एकाचेही उत्तर मिळत नाही.

आजही आपण 'दलितांचा प्रश्न' असे सहज बोलून जातो. जणू दलित हेच देशाला पडलेले कोडे! शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कार्यकर्त्यांनी हा शब्दप्रयोग आला की थांबावे आणि विचारावे: हे कोडे घातले कोणी, आणि ते न सुटण्यात हित कोणाचे? अस्पृश्यता ज्यांनी निर्माण केली आणि पाळली, उत्तराची जबाबदारी त्यांच्यावर आहे.