दुबईच्या भिंती

दुबईच्या अल फहिदी भागात गेलो की मी आधी भिंतीला हात लावतो. इंजिनिअरची खोड! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणी व्यापाऱ्यांनी ही जाड घरं समुद्रातल्या प्रवाळ-दगडात बांधली. दगड सच्छिद्र, आत हवा कोंडलेली. उष्णता आत शिरायला वेळ लागतो. १९६६ मध्ये तेल सापडलं, मग सिमेंटच्या ब्लॉकची बांधकामं वाढली आणि सगळा भार एसीवर पडला. आमच्या पहिल्या खोलीची भिंत रात्री अकरालाही तव्यासारखी तापलेली असे. २००३ मध्ये दुबई नगरपालिकेने उष्णतारोधनाचे नियम केले. इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म पद्धतीत तर थर्माकोलसारख्या दोन पाट्यांमध्ये काँक्रीट ओततात आणि साचा काढतच नाहीत. तेच भिंतीचं पांघरूण. त्यातही कोंडलेली हवाच! नागपूर-चंद्रपूरकडे कुणी असं घर बांधलं असेल तर जरूर कळवा.